मुसळ आणि बाळी

संयोगिता मगदूमला राग आला की आधी तिचे कान लाल व्हायचे. पिंपळदऱ्याच्या शाळेत हे पाचवीपासूनच्या पोरांना ठाऊक होतं, आणि शहाणी पोरं तिचे कान बघूनच चेष्टा कुठवर ताणायची ते ठरवत. अजिंक्य मोहिते शहाण्यांत मोडत नव्हता. मधल्या सुट्टीत तो तिच्या बापाबद्दल काहीतरी बोलला, कान लाल झालेले दिसले तरी बोलतच राहिला, आणि पुढच्या क्षणी व्हरांड्याच्या पायऱ्यांखाली खांद्याचं हाड मोडून पडला.

खेळाची शिक्षिका ऊर्मिला खोत हिनं तो धक्का खिडकीतून पाहिला. खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की ही पोरगी जिल्ह्याला अशी घुसली तर यंदाची ढाल आपलीच. ऊर्मिला स्वतः विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेली, चव्वेचाळीस वर्षांची, गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया पचवलेली बाई. नववीतली संयू तिची सगळ्यांत जबर चढाईपटू. दम भरून पोरीनं मधली रेषा ओलांडली की समोरची सात जणींची फळी न सांगता दोन पावलं मागे सरायची.

पण ते दिवस ढालीचे नव्हते. आदल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात दोन पोरांनी मोबाइलवरच्या एका शेऱ्यावरून कोयते काढले होते आणि एकाची चार बोटं शाळेच्या फाटकात तुटून पडली होती. ती चार बोटं थेट विधानसभेत पोचली. तिथून कायदा निघाला: आठवी ते दहावीच्या प्रत्येकाला बारा आठवड्यांचा जीवनकौशल्य वर्ग, कानात यंत्र लावून. प्रमाणपत्र नसेल तर अकरावी नाही, क्रीडा वसतिगृहही नाही. ज्याच्या हातून मारहाण झाली असेल त्याला पालकाची सही घेऊन पहिल्याच तुकडीत बसवायचं.

सहीसाठी संयूची आई सारिका आली. बेदाण्याच्या शेडमधून तशीच आलेली, ओढणीला गंधकाचा वास. तिनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"मॅडम, ह्याच्यानं तिचा राग जातोय का?"

"जात नाही. ताब्यात येतो."

"म्हंजे आला तरी भाईर पडायचा न्हाई." सारिका दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू का? हे पिऊन आले की मला मारायचे. गेल्या आषाढात हिनं मुसळ उचललं. नुसतं उचललं, मारलं न्हाई. ह्यांनी हिचं कान बघितलं आन गप जाऊन पडले. तवापास्नं वरीस झालं, मला बोट लावल्यालं न्हाई."

शिक्षकाला उत्तर तयार ठेवायची खोड असते. "सारिकाताई, पंधरा वर्षांच्या पोरीनं रोज संध्याकाळी मुसळ घेऊन दाराशी उभं राहायचं, हे तिचं काम आहे का?"

"न्हाई."

"मग? पोलीस आहेत, हेल्पलाइन आहे. मदत कशी मागायची तेसुद्धा आम्ही शिकवतो. आणि सही नाही केली तर तिचं वसतिगृह गेलं. तिथं पोचली की ती सुटली."

"ती सुटली," सारिका म्हणाली, आणि सही केली. "खरं हाय, तिचं तरी सुटू दे. पण मॅडम, लक्ष ठेवा. तिचं कान लाल व्हायचंच बंद झालं तर मला आधी सांगा. मी माझं बघीन, भैणीकडं जाईन कुठं तरी. पण आधी कळलं पायजे."

"सांगते," ऊर्मिला म्हणाली. तिनं शब्द दिला, आणि तो देताना तिच्या मनात खोट नव्हती.

जीवनकौशल्यांचं शिक्षण काही नवं नव्हतं. भावना ओळखा, तिला नाव द्या, समोरच्याच्या जागी उभं राहून बघा, हवं ते स्पष्ट शब्दांत मागा, जमत नसेल तर मदत घ्या, हे धडे कित्येक वर्षं जगभरच्या शाळांत चालू होते. त्यांनी वयात येणाऱ्या पोरांची मारामारी कमी होते, हेही मोजून झालं होतं. रडगाणं एकच होतं, की सहा महिन्यांत सगळं मेंदीसारखं फिकं पडायचं. राग उसळतो तो मेंदूच्या आतल्या बदामाएवढ्या गाठीतून, आणि ती गाठ लहानपणापासून तयार असते. तिला आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणजे पंधराव्या वर्षी घोडा दांडगा आणि लगाम सुतळीचा. वर्गात घोकलेलं सगळं त्या सुतळीच्या भरवशावर, आणि ऐन वेळी तीच तुटायची.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं यावर तोड काढली. कानाच्या भोकाशेजारच्या कूर्चेत एका लांबलचक चेतातंतूची फांदी असते. हृदयाला 'हळू' म्हणणारा तो हाच तंतू. त्याला सौम्य वीज दिली की मेंदूत अशी काही रसायनं झरतात, की त्या घटकेला माणूस जे करत असेल ते कायमचं मुरतं. मग करायचं एवढंच. पोरांना राग आणणारा प्रसंग उभा करायचा, त्यांनी लांब श्वास सोडायचा, आणि श्वास सुटत असतानाच कानातल्या यंत्रानं वीज द्यायची. बारा आठवड्यांत श्वास आणि शांतपणा यांची गाठ अशी बसते की ती सुटत नाही. यंत्राला सरकारनं लांबलचक नाव दिलं होतं. पोरांनी त्याला बाळी म्हटलं आणि तेच टिकलं.

"बाळी म्हणजे नुसती शाई," प्रशिक्षणाला आलेल्या डॉ. मृणाल आठल्ये म्हणाल्या होत्या. "अक्षर तुम्ही गिरवायचं. चांगलं काय, वाईट काय, ते तिला कळत नाही. आणि खोडरबर अजून निघालेलं नाही, तेव्हा जपून गिरवा."

पुस्तिकेत लिहिलं होतं की श्वास सोडताना मनात एक ते आठ आकडे मोजावेत. पिंपळदऱ्याची पोरं आकड्यांना फिदीफिदी हसली. कुणी आठापर्यंत पोचेना. दोन आठवडे असेच फुकट गेले, आणि मग ऊर्मिलाला ती युक्ती सुचली, जिच्यावर पुढे तिचा सत्कार झाला. या गावात रांगणारं पोरसुद्धा दम धरायला शिकतं. भरून श्वास घ्यायचा आणि कबड्डी कबड्डी म्हणत तो एका दमात सोडायचा, हे इथल्या पोरांच्या अंगात सहाव्या वर्षापासून भिनलेलं. आकडे कशाला हवेत? तिनं पोरांना मॅटवर नेलं आणि सांगितलं, राग आला की दम घ्या. कबड्डी हळूच म्हणा, ओठांतल्या ओठांत. पोरांना ते झटकन जमलं. श्वास जमल्याचं सांगणारा बाळीचा दिवा दर वेळी हिरवा.

ऊर्मिलाचा एक बाणा होता. जे स्वतः करून दाखवलं नाही ते पोरांकडून करून घ्यायचं नाही. शंभर बैठका सांगायच्या तर आधी स्वतः शंभर मारायच्या. त्यामुळे सहाही तुकड्यांना दम शिकवताना बाळी तिच्याही कानात असायची, आठवड्यातून तीनदा. मोठ्यांच्या मेंदूवर फारसा परिणाम होत नाही, असं पुस्तिकेत छापलेलंच होतं.

दिवाळीपर्यंत शाळेतल्या मारामाऱ्या बंद पडल्या. कमी झाल्या असं नव्हे, बंदच पडल्या. मुख्याध्यापक कुंभोजकर सरांना सुरुवातीला ती शांतता कानाला टोचायची, मग तिची चटक लागली. "खोत मॅडम, पोरांचे पार संत केलेत तुम्ही," ते येता-जाता म्हणायचे. पुण्याहून माणसं आली, दम शिकवतानाचं चित्रीकरण करून घेऊन गेली. ऊर्मिलाच्या घरीही दिवस बरे चालले होते. वीस वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याशी तिचं महिनोन्महिने भांडण झालं नव्हतं. नवरा म्हणाला, वयानं शहाणपण आलं म्हणायचं. तिलाही ते पटलं.

डिसेंबरात जिल्हास्तरीय सामने झाले; सहा तुकड्यांपायी यंदा सराव राहूनच गेला होता. पहिल्याच चढाईला संयू दम भरून रेषेपलीकडे गेली आणि मध्यावर जाऊन उभी राहिली. तोंडानं कबड्डी कबड्डी चालू होतं, पण हात खाली लोंबत होते. चेहऱ्यावर देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा निवांतपणा. समोरच्या मुलींना आधी वाटलं ही काहीतरी डाव टाकतेय. मग त्यांनी तिला चक्क हाताला धरून खाली बसवलं. पिंपळदऱ्याच्या बाकीच्या मुलींचीही तीच गत. एक्केचाळीस विरुद्ध नऊ असा निकाल लागला. वसतिगृहाचे निवड करणारे लोक मध्यंतरालाच उठून गेले.

"मॅडम, दम घेतला की आतनं कुणीतरी दार लावून घेतं," संयू परतीच्या गाडीत म्हणाली. "हात माझंच असत्यात, पण त्यास्नी कुठं जायचंच नसतं."

ऊर्मिलानं तिच्या कानांकडे पाहिलं. ढाल गेली होती, वसतिगृह गेलं होतं, मुलांच्या संघाबरोबर आलेला अजिंक्य मोहिते मागच्या बाकावरून "संतूबाई" म्हणून ओरडत होता, आणि पोरीचे कान नेहमीच्या रंगाचे होते. सारिकाला दिलेला शब्द ऊर्मिलाला तिथंच आठवला. सांगायला हवं, असं तिला वाटलंही. पण प्रजासत्ताक दिनाला सांगलीत तिचा सत्कार ठरला होता, आणि आत्ताच कुठं बोभाटा करायचा? आधी पुण्याला विचारून घेऊ, मग सारिकाला सांगू, असं तिनं ठरवलं. पुण्याला लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: 'खेळातील आक्रमकता घटणे हे अपेक्षित फलित आहे. अभिनंदन.' सारिकाकडे जायचं राहिलं ते राहिलंच.

सव्वीस जानेवारीला दारूची दुकानं बंद असतात म्हणून संयूचा बाप रणजित मगदूम आदल्या दिवशीच दुप्पट आणून ठेवायचा. दूध संघाच्या टँकरवर चालक होता, सुट्टी फार मिळत नसे, मिळाली की सकाळपासून बसायचा. सांगलीत अकरा वाजता ऊर्मिलाच्या खांद्यावर शाल पडली. चार वाजता कुंभोजकर सरांचा फोन आला, आणि ती शालीसकट सिव्हिल हॉस्पिटलात पोचली. सारिका तोवर गेली होती.

संयू शवागाराबाहेरच्या बाकावर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. ऊर्मिलाला पाहून ती उठून उभी राहिली, वर्गात उभी राहावी तशी.

"काय झालं, संयू?"

"पप्पा मम्मीला मारत हुते. मी पयल्यांदा ओळखलं, की मला भीती वाटत्या आन राग येतोय. दोन्हीला नाव दिलं. मग मुसळाकडं गेले. मुसळ उचलताना दम घेतला गेला, मॅडम. मी घेतला न्हाई, आपसूक घेतला गेला. मग बरं वाटलं. मुसळ परत जाग्यावर ठिवलं. पप्पांना स्पष्ट सांगितलं, पप्पा, तुम्ही थांबावं अशी माझी इच्छा आहे. ते थांबलं न्हाईत. मग हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी सांगितलं, तुमचा नंबर अकरावा हाय. मी तिथंच हुबी राह्यले. मम्मीनं माझ्याकडं बघितलं. कानाकडं बघितलं माझ्या. मग तिनं हात आडवं धरायचं सोडून दिलं."

ऊर्मिला बाकावर बसली. तिला रडू येईना. संयूनं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि समोरच्याच्या दुःखात सोबत कशी करायची ते पुस्तिकेत जसं सांगितलं होतं, तंतोतंत तसा ठेवला.

पुढं जे झालं ते सगळं त्या शांतपणामुळं झालं. हेल्पलाइनवर फोन घ्यायला यंत्र होतं, ते बोलणाऱ्याच्या आवाजातला कंप मोजून गाड्या सोडायचं. संयूच्या आवाजात कंपच नव्हता. 'माझ्या घरी मारहाण होत आहे, कृपया मदत पाठवावी,' असं ती बोलली होती, दुधाचा रतीब बंद करायला सांगावं तशी. रणजितनं जबाब दिला की बायको गच्चीच्या जिन्यावरून पडली, आणि जबाब देताना तो ऊर फुटेस्तोवर रडला. ते रडणं खोटंही नव्हतं. मग संयूनं जबाब दिला, सगळा, क्रमवार, एकही आवंढा न गिळता.

"मॅडम, माझी नोकरी चोवीस वर्षं झाली," फौजदार ऊर्मिलाला बाजूला घेऊन म्हणाले. "आईला मारताना बघितलेलं पोर असं बोलत नाही. हिला कुणीतरी पढवलंय. मामाकडची माणसं असतील."

"मी पढवलंय तिला," ऊर्मिला म्हणाली.

फौजदारांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि कागदावर अपघाती मृत्यू लिहिलं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. आठल्यांनी तिला बसवून पाणी दिलं. त्यांना सगळं कळलं होतं. बाई दुष्ट नव्हती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"तुमच्याकडं जे झालं ते मी पंधरा दिवस तपासतेय," त्या म्हणाल्या. "इतर ठिकाणची मुलं आकडे मोजतात. आकडे मोजायचे की नाही हे त्यांना ठरवावं लागतं. कुणी अंगावर आला तर ती मोजायचं सोडून देतात आणि पळतात, किंवा मारतात. तुम्ही गाठ बांधली दमाशी. आणि तुमच्या मुलांना दम घ्यावा लागत नाही. झेप घ्यायची म्हटलं की त्यांचं शरीर तो आपण होऊन घेतं, सहाव्या वर्षापासूनची सवय आहे ती. म्हणजे हात उचलायचा क्षण आला, की त्याच क्षणी शांत. ठरवायला मध्ये जागाच उरली नाही."

"ते सोडवा मग."

"खोडरबर नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

"निदान दुसरीकडं तरी हे शिकवू नका."

"खोत मॅडम, आकड्यांच्या पद्धतीनं हिंसा निम्म्यानं घटते. तुमच्या पद्धतीनं ती शून्यावर येते. जूनपासून राज्यभर तुमचीच पद्धत लागू होतेय. जिथं कबड्डी नाही तिथं पहिलीपासून शिकवणार आहेत. मी विरोध लिहून दिला. सरकारी लोकांनी मला विचारलं, तुमच्याकडं किती प्रकरणं आहेत? एक, म्हणाले मी. त्यांच्याकडं तुटलेल्या बोटांचे फोटो होते."

ऊर्मिलाला ते टेबल उलथवून टाकावंसं वाटलं. तिच्या छातीत श्वास भरला आणि लांबलचक सुटला. प्रवासानं थकलोय आपण, असं तिला वाटलं. ती उठली आणि एसटीला लागली.

रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात, पण ते औषध आपणच घोटून पाजलेलं असलं की कुणाच्या नावानं खडे फोडायचे? ऊर्मिलानं ठरवलं, विज्ञानाला जमत नसेल तर आपण बघू. रोज शाळा सुटली की ती संयूला मॅटवर न्यायची. दम न घेता मार मला, म्हणायची. तोंड दाबून धर, नाक दाब, पण मार. संयू आज्ञाधारकपणे नाक दाबायची. हात वर जायचा, छाती फुगायची, आणि हात अलगद खाली यायचा. आठव्या दिवशी ऊर्मिलानं वाट्टेल ते बोलून पाहिलं. तुझी आई तुझ्यामुळं गेली, म्हणाली. उभी राहिलीस नुसती, म्हणाली. बोलताना तिची तिलाच शिसारी आली.

संयूनं सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, तुम्ही मम्मीला सांगणार हुता," ती म्हणाली. "माझ्या कानांचं. तिनं मला घरी सांगितलं हुतं, तुज्या मॅडमनी शब्द दिलाय म्हणून. ती रोज वाट बघायची तुमची." तिचा आवाज कुठं चढला नाही. "मला तुमचा राग यायला पायजे, हे मला समजतंय. कुठं यायला पायजे ती जागाबी समजत्या. पण तिथं काय न्हाई."

त्यानंतर ऊर्मिलानं तिला मॅटवर नेलं नाही.

मार्चमध्ये संयू शाळेत यायची थांबली. आठवडाभर वाट पाहून एका दुपारी ऊर्मिला मगदुमांच्या घरी गेली. रणजित बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता, पायाशी बाटली. त्यानं उठून दुसरी खुर्ची पुसली.

"या मॅडम, या. संयू, च्या टाक गं मॅडमना." मग खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "मी येणारच हुतो शाळेत, तुमचं आभार मानायला. पोरगी लय गुणाची केलीसा. आधी काय डोळं वटारायची, बापावर मुसळ उचलायची. आता हाक मारली की ओ देती. म्हटलं, आता शाळंचं काय काम? घरचं बघंल, पुढच्या वर्षी जाग्याला लावून टाकू."

"अठरा पूर्ण व्हायला अडीच वर्षं आहेत तिला."

"ती न्हाई म्हणत न्हाई की."

संयू चहा घेऊन आली. कप पुढं करताना तिची बाही मागं सरली. मनगटापासून कोपरापर्यंत जुने-नवे वळ होते, काही पिवळे पडलेले, एक कालचा. ऊर्मिलानं तिच्याकडे पाहिलं. संयूनं मंद हसून बाही खाली ओढली.

"मी सांगते पप्पांना, की तुम्ही थांबावं अशी माझी इच्छा आहे," ती म्हणाली. "रोज सांगते."

रणजित हसला.

स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीला टेकून, मुसळ उभं होतं. ऊर्मिला कधी उठली ते तिला कळलं नाही. तीन पावलांत ती तिथं पोचली, मुसळ हातात आलं, जड होतं, मुठीला गुळगुळीत. रणजितच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं, तो खुर्चीत मागं सरकला, त्याच्या डोळ्यांत सारिकानं सांगितली होती ती भीती उतरली. हीच ती वेळ. एकच घाव, पुढं जे होईल ते होईल. ऊर्मिलानं मुसळ खांद्याच्या वर नेलं आणि तिची छाती भरली.

कबड्डी कबड्डी कबड्डी, असं कुणीतरी पुटपुटत होतं. तिला वाटलं संयू असेल. पण संयूचे ओठ मिटलेले होते.

सहा तुकड्या, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. जे स्वतः केलं नाही ते पोरांकडून करून घ्यायचं नाही. ऊर्मिलाच्या आत कुणीतरी हळूच दार लावून घेतलं. राग कुठं असायला हवा होता ती जागा तिला दिसत होती, आणि तिथं काही नव्हतं. तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं किती भयंकर आहे, एवढं मात्र तिला समजत होतं.

"रणजितराव," ती स्पष्ट शब्दांत म्हणाली, "तुम्ही थांबावं अशी माझी इच्छा आहे."

रणजितनं आधी तिच्याकडे, मग पोरीकडे पाहिलं. त्याला सगळं उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तसा तो पुन्हा खुर्चीत ऐसपैस बसला आणि बाटलीचं झाकण फिरवू लागला.

संयू पुढं झाली. तिनं मॅडमच्या हातातून मुसळ सोडवून घेतलं, परत भिंतीला टेकवून ठेवलं, आणि त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीपाशी आणलं.

"बसा मॅडम," ती म्हणाली. "च्या निवतोय."

ऊर्मिला बसली आणि तिनं चहा घेतला.